गाळलेलं वाक्य

"हे मी नाय म्हणले."

डोळे मिटलेले, पाठ भिंतीला टेकलेली आणि उजव्या हाताची तर्जनी वर. मी लिहिलेलं वाचून दाखवू लागले की ताई अशा बसायच्या. मजकूर ठीक असला तर बोट जागचं हलायचं नाही. मी पदरचा एखादा शब्द घातला की ते डावीउजवीकडे हलायचं आणि वरचे चार शब्द यायचे. मग मी मुकाट्याने खोडायला घ्यायचे.

एकदा मी लिहिलं होतं, 'पहाटेच्या शांत वेळी पीठ मळताना माझं मन प्रसन्न होतं.' बोट हललं.

"पहाटं कसलं मन आलंय मॅडम? पहाटं कंबर दुखती. कंबर लिहा."

मी कंबर लिहिली. वाचकांना तीच आवडली.

आरोग्यावर ब्लॉग लिहिणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. एक शोधायला गेलात तर चार सापडतील. मी त्यांच्यातलीच. वर्तमानपत्राची पुरवणी बंद झाली, माझी नोकरी गेली आणि मी घरी बसून भिजवलेल्या बदामांवर लिहू लागले. दुधीचा रस झाला, कोमट पाणी झालं, पोटाने श्वास कसा घ्यावा हेही झालं. माझी बहीण सोडली तर फारसं कोणी वाचत नव्हतं, आणि तीही मन राखायला वाचायची.

तेवढ्यात ताई दारात आल्या. वाळूजच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये त्यांनी वीस वर्षं स्वयंपाक केला होता. ठेकेदार बदलला, नव्याने आपली माणसं आणली आणि ताई घरी बसल्या. म्हणजे बसल्या नाहीत. बजाजनगरच्या दोन खोल्यांत गॅसच्या दोन शेगड्या मांडून ज्वारी-बाजरीच्या भाकरी करायच्या आणि फडक्यात बांधून शेअर रिक्षाने आमच्या सिडकोत आणायच्या. आमच्या अपार्टमेंटमध्ये ज्यांनी त्यांच्या जन्मात भाकरी खाल्ली नव्हती, ते आता डॉक्टरांच्या सांगण्यावरून भाकरीवर आले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी एकदा त्यांना ज्वारीचे सगळे गुण ऐकवले. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आमच्या लहानपणी गहू पाव्हण्यापुरता आणायचे," त्या म्हणाल्या. "म्हंजी आम्ही लई आधीपासून निरोगी व्हतो. तवा कामून सांगितलं नाय कोणी?"

हे मी त्या दिवशी जसंच्या तसं ब्लॉगवर टाकलं आणि पहिल्यांदा अनोळखी माणसांनी मला उत्तरं लिहिली. पुढे दर गुरुवारी ताई भाकरी देऊन झाल्या की माझ्याकडे अर्धा तास टेकायच्या. त्या बोलायच्या, मी लिहायचे. वाचून दाखवल्याशिवाय काही छापायचं नाही ही त्यांची अट होती. त्यांना वाचता येत नव्हतं असं समजू नका. चांगलं येत होतं. पण कानाला खोटं लवकर कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

ताईंना साखरेचा त्रास होता. सकाळ-संध्याकाळ गोळी, महिन्याला दवाखाना, रोज पहाटे साखरेचाच त्रास असलेल्या शेजारच्या एका आजीला बरोबर घेऊन चालायला जायचं. एका गुरुवारी त्या खुशीत आल्या. रिपोर्ट चांगला आला होता. त्यांनी सांगितलं ते असं होतं: "साखर उतरली. भाकर, चालणं आन् गोळी, तिन्हींनी उतरली. गोळी मी एक दिस चुकवत नाय."

मी लिहायला बसले आणि ते शेवटचं वाक्य मला नडू लागलं. भाकरी आणि चालणं यांची छान गोष्ट होत होती. गोळी आली की तिचं दवाखान्यातलं पोस्टर व्हायचं. मी ते वाक्य गाळलं, मग 'आन् गोळी, तिन्हींनी' हेही गाळलं. वर मथळा दिला, 'भाकरीने उतरवली ताईंची साखर'.

वाचून दाखवलं. बोट हललं नाही, पण ताईंनी डोळे उघडले.

"गोळीचं कुठं गेलं?"

"त्यावर पुढच्या वेळी वेगळं लिहू ताई. नीट, सविस्तर."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी बोट खाली घेतलं. त्या लेखात खोटं असं एकही वाक्य नव्हतं. लबाडी करायची तर ती अशी करावी, मला वीस वर्षांच्या पत्रकारितेने एवढं शिकवलं होतं.

लेख फिरला. नात्यातल्या, सोसायटीच्या, जुन्या वर्गमित्रांच्या, कुठल्या कुठल्या ग्रुपवरून तो माझ्याकडेच परत आला, कधी माझ्या नावाने, कधी कुणा डॉक्टरच्या. आणि थंडी सुरू होताना आम्हा दोघींना निमंत्रण आलं. निरोगी जगण्यावर लिहिणाऱ्या ब्लॉगरांचा मेळावा, शनिवार-रविवार, खुलताबादच्या वाटेवरच्या एका रिसॉर्टवर. ताई प्रमुख पाहुण्या.

त्या मेळाव्याचं काय सांगावं! सकाळी सगळे हिरवळीवर अनवाणी चालत होते आणि मागून त्यांचे नवरे किंवा बायका पावलांचे फोटो काढत होत्या. मोबाइलचा उपवास कसा करावा हे शिकवणारे एक गृहस्थ दोन्ही दिवस मोबाइलवरून थेट प्रक्षेपण करत होते. मोड आलेल्या मटकीच्या वाट्या टेबलावर तशाच सुकल्या, कारण प्रत्येकाला त्या आधी उजेडात न्यायच्या होत्या. संध्याकाळी बरीच मंडळी गुपचूप गाड्या काढून घाटाखाली भजी खायला गेली. मीही गेले होते. हसण्यासारखं सगळं होतं आणि मी हसतही होते. लेखाखाली नाव माझं होतं ना, म्हणून लोक येऊन माझ्याशीही हात मिळवत होते.

ताईंसाठी आयोजकांनी नऊवारी आणून ठेवली होती. ताई जन्मात कधी नऊवारी नेसल्या नव्हत्या.

"मॅडम, हे नाटकातलं काम हाय का?"

"दोन तासांचा प्रश्न आहे ताई. त्यांनी हौसेने आणलीय."

नेसल्या. बाहेर शेणाने सारवून चूल मांडली होती. ती पाहून मात्र त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "डोळे जायची पाळी आली म्हणून चूल सोडली मी. आन् हे लोक मुद्दाम धूर करायलेत." तरीही बसल्या, डोळे पुसत पुसत दहा-बारा भाकरी थापल्या. लोकांनी त्यांच्या डोळ्यांतल्या पाण्याचे फोटो काढले.

दुपारी त्यांना मंचावर बोलावलं. माईक हातात घेऊन त्या आधी "जयभीम" म्हणाल्या. हॉलमधून दोन-तीनच आवाज परत आले. बाकीच्यांनी एकमेकांकडे बघून टाळ्या वाजवल्या. ताईंनी कंबरदुखी सांगितली, कँटीन सांगितलं, लोक खूष झाले. मग सूत्रसंचालन करणाऱ्या, स्वतःला वेलनेस कोच म्हणवणाऱ्या तरुणाने विचारलं, "ताई, सगळ्यांच्या मनातला प्रश्न. गोळ्या किती दिवसांत सुटल्या?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पहिल्या रांगेत, अगदी समोर होते. त्यांच्या तोंडून खरं निघालं असतं तर त्या भरल्या हॉलमध्ये मी खोटी पडले असते. हे मला कळत होतं आणि त्यांनाही कळत होतं. त्या थांबल्या ते माझ्यासाठी.

मी मान हलवली. फार नाही, थोडीशी. पण हो म्हणायला तेवढी पुरते.

"सुटल्या," ताई म्हणाल्या.

टाळ्या बराच वेळ चालल्या. खाली उतरल्या उतरल्या हर्सूलहून आलेल्या एका बाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले. "तुम्ही माझे डोळे उघडलेत. आईच्या गोळ्या आजपासून बंद करते बघा." ताई "अवो नाय, ऐका तरी" म्हणेपर्यंत त्यांना फोटोसाठी ओढून नेलं. परत आल्या तेव्हा त्या बाई निघून गेल्या होत्या.

परतीच्या गाडीत ताई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. दौलताबाद मागे पडल्यावर म्हणाल्या, "त्या हर्सूलच्या बाईचा नंबर हाय का तुमच्याकडं?"

"नाही हो."

"मी खोटं बोलले मॅडम. एवढ्या माणसांम्होरं."

"अहो, एवढं मनाला लावून घेऊ नका. लोकांना प्रेरणा मिळते."

प्रेरणा! आमच्या धंद्यातला हा शब्द मला आज उच्चारला तरी तोंड कडू होतं.

"मग आता लिहा, की गोळी चालू हाय," त्या म्हणाल्या. "चार ओळी लिहा. बाकी काय नाय मागत."

मी हो म्हणाले. लिहिलं मात्र नाही. एका बिस्किटवाल्या कंपनीशी माझं बोलणं चाललं होतं. ज्वारीच्या बिस्किटांच्या पुड्यावर ताईंचा फोटो येणार होता. अशात मध्येच गोळी कुठे आणायची? गुरुवारी ताईंनी विचारलं, "लिहिलं?" मी म्हणाले, "लिहितेय." पुढच्या गुरुवारी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी विचारलं नाही. भाकरी ठेवल्या, पाणी प्यायल्या आणि गेल्या. त्या विसरल्या असं समजून मला हायसं वाटलं. बिस्किटांचं पुढे काहीच झालं नाही, पण तोवर मीही तो विषय मनाआड केला होता.

उन्हाळ्यात एका गुरुवारी त्या आल्या नाहीत. दोन दिवसांनी त्यांच्या लेकीचा फोन आला. चप्पल लागून पायाला जखम झाली होती, ती चिघळली, आणि आता ताई दवाखान्यात होत्या. डॉक्टर विचारत होते, साखर एवढी कशी वाढली? लेकीने घरी शोधलं तेव्हा पिठाच्या डब्यामागे गोळ्यांच्या न फोडलेल्या पट्ट्या सापडल्या. थंडीपासूनच्या. महिन्याला दवाखान्यातून त्या नुसत्या गोळ्या आणत होत्या, साखर तपासून घेत नव्हत्या.

मी गेले. ताईंच्या ओठांना कोरड पडली होती, पण शुद्ध होती.

"ताई, गोळ्या का बंद केल्यात?"

"मग काय करायचं?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तोंडून शब्द गेला माझ्या. माझं ऐकून लोक गोळ्या सोडायलेत आन् मी घरी येऊन गोळी खाती, हे कसं चालंल? तुम्ही लिहिनात. म्हणलं, मग बोलले तसं तरी वागावं. माझ्या हातात तेवढंच व्हतं."

"मला सांगायचं होतंत हो."

"सांगितलं की. तीनदा."

मी त्यांच्या पायावरची चादर सारखी करत बसले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाय कापला, पण जखमेचं विष आधीच अंगात भिनलं होतं. त्याच आठवड्यात ताई गेल्या.

त्या गेल्या त्या संध्याकाळी मी ते चार ओळींचं काम केलं. चारच्या चाळीस ओळी झाल्या. मी काय गाळलं, का गाळलं, मान कशी हलवली, सगळं लिहिलं आणि ब्लॉगवर टाकलं. पहिलीच प्रतिक्रिया आली, 'औषध कंपन्यांनी तुम्हाला किती दिले?' मेळाव्याच्या आयोजकांनी ताईंचा चुलीपुढचा फोटो टाकून खाली लिहिलं, 'गोळीविना जगलेली रणरागिणी'. मी तिथे जाऊन खरं लिहिलं. त्यांनी ते पुसलं. मी पुन्हा लिहिलं, तेव्हा त्यांनी मला ब्लॉकच केलं. रीतसर वागले म्हणायचं. त्यांच्या जागी मी असते तर काय वेगळं केलं असतं?

ताईंच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे दिवसाच्या कार्याला, मी बजाजनगरला गेले. लिहिलेलं कागदावर काढून नेलं होतं. खोली शेजारपाजारच्या बायांनी भरली होती. बुद्धवंदना झाली. मी लेकीला म्हणाले, "मला सगळ्यांसमोर वाचायचंय."

ती माझ्याकडे वळली. "आता वाचून आई येणार हाय का?" मग म्हणाली, "वाचा. नाव घेऊन वाचा, तुमचं."

मी वाचलं. माझं नाव घेऊन वाचलं. 'गोळी मी एक दिस चुकवत नाय, हे ताईंचं वाक्य होतं आणि ते मी गाळलं,' हेही वाचलं. वाचून झाल्यावर एकीने पदर तोंडाला लावला. कोणीतरी मला शिव्या द्याव्यात असं मला फार वाटत होतं.

पहाटे ताईंबरोबर चालायला जायच्या त्या शेजारच्या आजी दाराजवळ बसल्या होत्या. त्यांनी आपल्या सुनेच्या दंडाला हात लावला.

"म्हंजी घ्यायच्या असत्यात व्हय?" त्या हळूच म्हणाल्या. "मंग माझ्या गोळ्या कुठं ठेवल्यास गं?"

सून उठली आणि चपला न घालताच घराकडे पळाली.