शुक्रवारचे तीन मास्तर

त्रिंबक गेवराईच्या सरकारी मदरशात मास्तर म्हणून लागला तेव्हा निजामाचं राज्य होतं, शाळेला मदरसा म्हणत आणि वरच्या वर्गांत शिकवणं उर्दूतच; मराठी चालत नसे. नोकरी वर्षभर आजमाइशीवर. वर्ष सरताना मोहतमीम, म्हणजे तालीम खात्याचे तपासनीस, येऊन धडा बघणार. पसंत पडला तर नोकरी पक्की, नाही तर परत गावी नांगरामागं. औरंगाबादेत शिकून आलेल्या माणसाला त्यापेक्षा मरण बरं वाटायचं.

तलवाड्याचा शहादेव आणि उमापूरचा आसाराम हेही तसेच नवखे मास्तर. जुन्यांना काही विचारावं, तर ते म्हणत, "छडी हाय ना?" मग शुक्रवारच्या सुट्टीत हे तिघं त्रिंबकच्या रिकाम्या वर्गात जमायला लागले. एकानं उभं राहून शिकवायचं, दोघांनी पोरं होऊन खाली बसायचं. आसाराम आडवेतिडवे सवाल टाकायचा. शहादेव मुद्दाम जांभया द्यायचा आणि वर म्हणायचा, "कावून घाबरतो बे? मोहतमीम का वाघ हाय?"

बघता बघता त्रिंबकची जीभ उर्दूत अशी सफाईनं वळायला लागली, की आसाराम म्हणाला, "झाली तुझी नोकरी पक्की. पेढे आण."

मोहतमीम आले. शेरवानीतले वयस्क, सौम्य गृहस्थ. त्रिंबकनं गोदावरीचा धडा न अडखळता शिकवला. साहेबांनी मान डोलावली आणि पोरांकडे वळून गोडीनं विचारलं, "बच्चो, गोदावरी किस तरफ बहती है?"

सगळा वर्ग ताडकन उभा राहिला.

साहेब हसले. "नहीं, नहीं. बताओ, किस तरफ?"

सगळा वर्ग खाली बसला.

यातली निम्मी पोरं नदीकाठच्या गावांची, तिच्यातच पोहायला शिकलेली! वर्षभरात त्यांनी उर्दूतले दोनच हुकूम ओळखले होते, उठा आणि बसा. बाकी सगळा नुसता आवाज; साहेब काही बोलले, की त्यातलंच एक करून मोकळं व्हायचं.

साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. जाताना ते हळूच म्हणाले, "मास्टरसाहब, सालभर आपने पढ़ाया किस को?" तीन महिन्यांनी परत बघतो, एवढी मुदत दिली.

शुक्रवारी त्रिंबकनं हे सांगितलं तेव्हा शहादेव खो खो हसला. हसता हसता मधेच थांबला, चेहरा पडला.

"माझी पोरंबी तशीच उठतात बे. मला वाटायचं, मान देतात."

आसाराम भिंतीकडे बघत म्हणाला, "सवाल आपले, जवाबबी आपलेच. पोरांना कुणी विचारलंच न्हाई."

इतकी साधी गोष्ट! पण शिकल्यासवरल्या माणसाला ती दिसायला असा फटका बसावा लागतो.

त्रिंबक उठला, गावात गेला आणि शाळेसाठी तिथं राहणारी नदीकाठची पोरं हाताला लागली तेवढी घेऊन आला. सुट्टीचं कशाला बोलावलं म्हणून ती धास्तावलेली. तो त्यांच्यासमोर भुईवर बसला.

"मराठीत इचारतो का काय?" आसाराम दबक्या आवाजात म्हणाला. "कुणी ऐकलं तर आजच जाईल नोकरी."

"तशीबी चाललीच हाय." त्रिंबक पोरांकडे वळला. "काय रे, पूर आला की वाहून गेलेलं सामान कुणीकडं जातं?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. भिंत बोलली असती तरी एवढी दचकली नसती. मग एक जण चाचरत म्हणाला, "उगवतीकडं."

"आमची शेळी गेलती, मास्तर!"

"आमची बाज!"

"अन् तात्याबाची कडब्याची गंजी, आख्खी!"

असा गलका उठला, की आसारामनं धसकून दाराला कडी लावली.