पाण्याची ट्यूब

आमच्या लॅबमध्ये मशीन एक आणि मतं तीन. अशा ठिकाणी किस्से आठवावे लागत नाहीत, फ्रीझरमधल्या बर्फासारखे आपोआप साचतात. मधूनमधून खरवडले नाहीत तर दार लागत नाही!

नवं शतक नुकतंच लागलं होतं. गंगापूर रोडच्या आमच्या लॅबमध्ये पीसीआर मशीन आलं. डीएनएच्या एका तुकड्याच्या कोट्यवधी प्रती काढणारं! मी एम.एस्सी. होऊन नुकतीच लागलेली, मशीनपुढे हात जोडायचेच बाकी होते. सीनियर टेक्निशियन सोनवणेकाकांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे गरम करायचं, थंड करायचं, परत गरम करायचं. आमच्या घरी हे बिनमशीनचं चालतं."

पण तपासणीच्या पारदर्शक जेलच्या थरात डीएनएचा पहिला नारिंगी पट्टा चमकला, तेव्हा काकांनी चष्मा पुसला, पुन्हा वाकून पाहिलं आणि हळूच विचारलं, "हे आपल्या सगळ्यांत आहे?"

*

मशीन खूप काही शोधू शकत होतं. द्यायच्या कुठल्या तपासण्या, हा वाद होता. लॅबच्या मालक आमच्या मॅडम. त्यांचा प्रत्येक तपासणीला एकच प्रश्न असे : "उत्तर आल्यावर पेशंटच्या घरी काय बदलेल?"

एकदा टायवाला सेल्समन तपासण्यांचा भलामोठा संच घेऊन आला. मॅडमनी त्यालाही तेच विचारलं. तो माहितीपत्रक चाळून म्हणाला, "मॅडम, रिपोर्ट कलर येतो!"

*

टीबीची तपासणी त्या प्रश्नातून पास झाली. नमुन्यांबरोबर दरवेळी एक ट्यूब नुसत्या शुद्ध पाण्याची लावतात. तिच्यात काहीच दिसता कामा नये. आमची चमकली. पुन्हा लावली, पुन्हा चमकली. काका गंभीरपणे मॅडमकडे गेले. "पाण्याला टीबी झालाय. औषध सुरू करायचं का?"

आधीच्या तपासण्यांत तयार झालेल्या डीएनएच्या प्रतींचे अदृश्य कण हवेतून नव्या ट्यूबमध्ये पडत होते. मॅडमनी तपासणी बंद केली, वेगळी खोली केली, वेगळे कोट शिवले. पाणी पाण्यासारखं दिसेपर्यंत एकही रिपोर्ट बाहेर गेला नाही. मी चरफडत होते, पण त्या कणांचा धाकही बसला होता.

*

माझा हट्ट सिकल सेलचा. पेठ-सुरगाण्याकडे हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. मी त्याची तपासणी मशीनवर बसवूनही ठेवली होती. मॅडम म्हणाल्या, "त्याला साधी, स्वस्त तपासणी आहे की."

"ती तान्ह्या बाळात फसते."

"मग बाळ मोठं झाल्यावर करतील. तोवर घरी काय बदलेल?"

मी तपासणीची फाइल कपाटात टाकली. त्या दिवशी मी डबाही खाल्ला नाही.

*

त्यानंतर पेठकडचं एक जोडपं आलं. निफाडला द्राक्षाच्या बागेत कामाला होतं. बाईच्या कुशीत काही दिवसांचं बाळ. पहिला मुलगा याच आजारानं गेलेला. मॅडमनी समजावलं, काही महिने थांबा, मग साध्या तपासणीत कळेल.

बाई म्हणाली, "तवर आमी वर डोंगरात, घरी गेलेलो आसू, बाई. बागंतलं काम सरलं. पावसात आमच्या पाड्याला गाडी येत नाय. पयला तसाच गेला, वाटंत." तिनं बाळाचं टोपडं नीट केलं. "ह्याला आसंल, तर आमी वर जायाचं नाय. हितंच ऱ्हाऊ, दवाखान्याजवळ. नसंल, तर भात लावाया घरी जाऊ. तेवढं सांगा."

मॅडम उठल्या, हात धुतले, आतल्या खोलीचा कोट स्वतः अंगात घातला. दारातून वळून मला म्हणाल्या,

"चल. आधी पाण्याची ट्यूब लाव."