सेलरमध्ये खंडेनवमी

सेलरचं दार उघडलं आणि आधी धुपाचा वास आला. मग जाणवलं, कूलिंगचा आवाजच येत नाहीये.

निमोण्याजवळच्या एका छोट्या वायनरीत मी सेलर इनचार्ज आहे. सेलर म्हणजे वाइन मुरत ठेवायचं तळघर. तिथं अंधार, गारवा आणि शांतता पाहिजे. उग्र वास तर अजिबात नको. दसऱ्याला मी सासुरवाडीला, दौंडला गेलो होतो. परतलो त्याच दिवशी दहा वाजता एका मोठ्या हॉटेलचे खरेदीवाले येणार होते, आमची आठ वर्षं मुरलेली रेड वाइन चाखायला.

मालकांनी, म्हणजे आप्पांनी, आधीच बजावलं होतं, "जमलं तर सेलर वाढवू. न्हाई जमलं तर पोती ठिवू तिथं."

आणि आत काय? आठ वर्षं आडव्या झोपलेल्या माझ्या बाटल्या पाटावर ओळीनं उभ्या! प्रत्येकीला हळद-कुंकू, वर झेंडूची माळ. थर्मामीटर चौदाचा अठरावर गेलेला.

"आबा!" मी ओरडलोच.

आबा आमचे सगळ्यात जुने कामगार. शांतपणे आले.

"कूलिंग कुणी बंद केलं?"

"म्या. खंडेनवमीला पुजलेली मशीन चालवत्यात व्हय?"

"आणि बाटल्या उभ्या का केल्या?"

"आडव्याची पूजा कुठं करत्यात, सायेब? दोन दिस हात न्हाई लावला कुणी."

मी आधी कूलिंग चालू केलं. अठरा डिग्रीनं दोन दिवसांत काही बिघडत नाही, अशी स्वतःचीच समजूत घातली. बाटली आडवी ठेवायची, कारण बूच ओलं राहतं. सुकलं की हवा आत जाते आणि वाइन आंबते. म्हणून घाईघाईनं बाटल्या आडव्या करायला हात घातला आणि तसाच थांबलो.

जुन्या रेडमध्ये गाळ साचतो. उघडण्याआधी बाटली एक-दोन दिवस उभी ठेवावी लागते, म्हणजे गाळ तळाशी बसतो. ते काम माझं होतं. सुट्टीच्या गडबडीत मी साफ विसरलो होतो! बॅटरी लावून बघितलं. गाळ तळाला घट्ट, वर वाइन माणकासारखी स्वच्छ. आनंदानं मला आबांना उचलून घ्यावंसं वाटलं.

खरेदीवाले आले. कुंकवाचं बोट लागलेली बाटली मी श्वास रोखून उघडली. गाळ हलू नये म्हणून सावकाश ओतली. पाहुण्यांनी ग्लास उजेडात धरला, वास घेतला, घोट घेतला. मग दुसरा घोट.

"अजून किती आहेत?"

"अकरा," मी म्हणालो.

"सगळ्या द्या. आणि यंदाचा लॉट आमच्यासाठी मुरवायला ठेवा."

आप्पा माझी पाठ थोपटून थोपटून दमले. मी खरं काय ते सांगून टाकलं. तेव्हा ते आबांची पाठ थोपटायला वळले.

आबांना त्याचं काहीच नव्हतं. "म्हंजी फुडल्या साली पूजा करायची ना?" त्यांनी मला विचारलं.

"करा. बाटल्या उभ्या करा, माळ घाला. फक्त धूप बाहेर लावा आणि कूलिंगच्या बटणाला हात लावू नका."

"आन् तुमी?"

"मी दसऱ्याला इथंच असेन."