हॅमंडचे लाल गाल

हॅमंड नांगऱ्याचं दुखणं एकच होतं, त्याला कधी काही दुखतच नसे. बापासारखाच आडदांड, गाल टवटवीत लाल, पाठ टेकली की घोरायला सुरुवात. देवाने असं धडधाकट शरीर दिलं आणि तेच त्याच्या मुळावर आलं.

त्याचा जीव जडला होता इडोनीवर. ती गढीतल्या मालकिणीचे कपडे धुवायची आणि रात्रीच्या पंगतीला भाटांची गाणी ऐकायची. तिथेच सगळा घोटाळा झाला. हॅमंडने लग्नाचं विचारलं की ती नाक मुरडायची.

"प्रेमात पडलेला माणूस असा दिसतो होय रे? गाण्यातला सरदार बघ. बाईसाठी झुरून पांढराफटक पडतो, अन्न गोड लागत नाही, ती दिसली की भोवळ येते. आणि तू? माझ्यासमोर बसून अख्खा पाव हाणतोस."

"तुला पाहिलं की भूक लागते, त्याला मी काय करू?"

"तेच म्हणतेय मी."

आता घ्या. दिवसभर बैलांमागे ढेकळं तुडवणाऱ्याने झुरायचं तरी कधी? सरदारांचं बरं असतं, त्यांना दुसरं काम काय! पण गडी हट्टाला पेटला. ईस्टरआधीचे उपवास चालू होते, मटण सगळ्यांनाच बंद होतं. बाकीचे निदान मासे तरी खात होते, ह्याने तेही सोडले. रात्री जागायचं ठरवून बसल्या बसल्या घोरला. गालांवरची लाली काही हटेना. शेवटी वैतागून तो न्हाव्याकडे गेला. वसंत लागला की तब्येतीला बरं म्हणून अंगातलं थोडं रक्त काढून घ्यायला सगळं गावच तिकडे जायचं.

"काय होतंय?" न्हाव्याने विचारलं.

"काही होत नाही, तीच तर बोंब आहे. पांढरा कर मला."

न्हाव्याने शीर कापून वाडगा भरला. ह्याने हट्टाने दुसराही भरायला लावला आणि तिथून धडपडत नदीवर गेला. इडोनीने धुण्यावरून मान वर केली, तोच हॅमंड तिच्यासमोर धाडकन आडवा झाला.

शुद्ध आली तेव्हा त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि ती ढसाढसा रडत होती.

"एवढा झुरलास माझ्यासाठी? मला कळलंच नाही रे. करते मी तुझ्याशी लग्न."

हॅमंड तिच्याकडे बघतच राहिला. "आणि दर हिवाळ्यात नदीवरचा बर्फ फोडून तुला धुण्याला पाणी काढून देतोय, ते काय होतं?"

"ते?" त्याच्या कपाळावरून मायेने हात फिरवत इडोनी म्हणाली, "ते तर काम झालं."

हॅमंडने डोळे मिटून घेतले. हवं ते मिळालं होतं, आणि एवढा राग त्याला जन्मात कधी आला नव्हता.