खर्च न मागणाऱ्या वकीलबाई

आडनाव ऐकून मुलुंडच्या एका सोसायटीने मला भाड्याचं घर नाकारलं. मी कोर्टात गेले आणि पुराव्याअभावी हरले. आता सोसायटीच्या वकिलाची फीही माझ्याच गळ्यात पडायची वेळ आली होती.

सेक्रेटरी आपल्या वकीलबाईंच्या कानाशी लागला, "मॅडम, खर्च मागा ना! पुन्हा कोणी तक्रार करायला धजणार नाही."

केसांत पेन्सिल खोचलेल्या त्या बाई फाईलची नाडी बांधत राहिल्या. "म्हणूनच नाही मागणार," म्हणाल्या आणि न्यायाधीशांना त्यांनी सांगितलं, "खर्च ज्याचा त्याने सोसावा."

मला हरवलं होतं ते त्यांनीच. तरी बाहेर मी त्यांचे हात धरून आभार मानले.

"आभार राहू दे गं," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी नकार लेखी माग."