पाच चाव्यांचा मृदंग

मी कारखान्यात तपासणी खात्यात होतो. वायरलेसचे संच तयार होऊन आमच्या टेबलावर यायचे आणि आम्ही त्यांच्यात खोट काढायची, हेच काम. ही सवय माणसाला घरीही चिकटते. सारात मीठ जास्त झालं की ते सगळ्यांच्या आधी मला कळायचं आणि मी ते बोलूनही दाखवायचो. "भावजी, तुमचं लग्न का ठरत नाही ते आम्हाला कळतं बरं," असं वहिनी म्हणायच्या.

साठच्या दशकाच्या मधली ती वर्षं. बळेपेटेत आम्ही तिघं राहायचो, थोरले भाऊ, वहिनी आणि मी. भावाला मी अण्णा म्हणायचो, ते मला तम्मा, कानडीत धाकटा भाऊ. ते माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. दिवसा सरकारी कचेरीत कारकून, पण पेटेत त्यांना कुणी कारकून म्हणून ओळखत नसे. हरिकथा करणारे एक दासरू होते. मोठं नाव, आवाज खणखणीत. त्यांच्या शेजारी बसून अण्णांनी वीस वर्षं मृदंग वाजवला. कथेच्या दिवशी मृदंगाच्या डाव्या तोंडाला लावायला वहिनी वाटीत रवा भिजवून ठेवायच्या. तो ओला रवा थापला की तोमचा, म्हणजे डाव्या बाजूच्या बोलाचा, आवाज जड होतो, पोटातून आल्यासारखा येतो.

एका सकाळी अण्णा आंघोळीहून आले आणि उंबऱ्यात पडले. अर्धांगवायूने डावा हात गेला, डावा पाय ओढत चालायचे, तोंड वाकडं झालं. बोलणं हळूहळू परत आलं, पण डाव्या कोपऱ्यातून लाळ गळायची ती गळायचीच. दासरू भेटायला आले तेव्हा म्हणाले, "अण्णा, जागा तुमचीच आहे. बरे व्हा आणि या." हे वाक्य अण्णांनी धरून ठेवलं. पेन्शन, औषध, वैद्याचं तेल, कशाबद्दलच ते विचारत नसत. दासरूंच्या शेजारी परत बसायचं, एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती. वहिनी कथेच्या दिवशी सवयीने रवा भिजवायच्या आणि मग त्याचं उप्पीट करायच्या. आम्ही ते मुकाट्याने खायचो.

विजेवर मृदंग वाजवता येईल ही कल्पना मला टेबलावरच सुचली. एक संच माझ्याकडे आला होता, त्यातला आवाज वाढवणारा एक टप्पा शीळ घालायच्या अगदी बेतात होता. त्याला टिचकी मारली की 'तोम' असा घुमायचा आणि विझायचा. नियमाप्रमाणे मी त्यावर लाल चिठ्ठी लावली. पण तो आवाज दिवसभर कानात राहिला.

मग चार-पाच महिने माझे सगळे रविवार त्यात गेले. मिलिटरीच्या मोडीतून तारायंत्राच्या पाच चाव्या आणल्या, कटकट करणाऱ्या. प्रत्येक चावीमागे एक सर्किट, ओरडायच्या काठावर ठेवलेलं. चावी दाबली की त्याला धक्का बसायचा आणि ते आपल्या सुरात घुमून शांत व्हायचं. एक तोमसाठी, एक नमसाठी, एक दिंसाठी. चापूच्या थापेला नुसता सूर पुरत नाही, तिच्यात रेडिओच्या दोन स्टेशनांमधली खरखर थोडी मिसळावी लागते. ती मी एका खराब ट्रान्झिस्टरमधून काढली. पाचवी चावी मातीच्या घटासारखी वाजायची. हे सगळं एका लाकडी पेटीत बसवलं. जोडणी आतून पक्की केली होती, म्हणजे बाहेरून काही न जोडताही पेटी वाजायची. पण पुढच्या फळीवर भोकंही ठेवली होती. दोन टोकांना पिना असलेली वायर भोकात खोचली की आतली वाट तुटायची आणि आवाज नव्या वाटेने जायचा. ही भोकं मी फक्त माझ्या तपासणीसाठी ठेवली होती.

पहिल्यांदा अण्णांनी तोमची चावी दाबली आणि आजारपणानंतर पहिल्यांदाच मोठ्याने हसले. "अय्यो तम्मा, हा तर डालड्याचा डबा!"

मला राग आला. पण त्यांनी पेटी सोडली नाही. उजव्या हाताने सूर खालीवर करायची एकेक खुंटी पिळत बसले. "स्वल्प खाली. अजून. आता बघ." डबा जाऊन तिथे चामडं आलं. मग त्यांना वायरी सापडल्या. खरखर त्यांनी चापूमधून काढून तोममध्ये घातली, घटाचा सूर नमवर सोडला, आणि एकदा असा आवाज काढला की वहिनी सैपाकघरातून हात पुसत आल्या. रव्याचाच आवाज होता तो! त्या खांबाला टेकून तिथेच रडल्या. मीही रडलो असतो, पण मला त्या जोडणीत एक चूक दिसत होती.

रोज संध्याकाळी अण्णा पेटी नव्याने लावायचे. काल लावलेलं आज चालायचं नाही. हवा बदलली, दासरूंचा सूर आठवला, मन लागलं नाही, काहीही कारण पुरे. अर्धा तास वायरी खोचणं, उपसणं, कान लावणं. अधूनमधून पेटी काठ ओलांडून भोंग्यासारखी ओरडायची आणि शेजारच्या अक्का खिडकी आपटायच्या. मी म्हणायचो, "अण्णा, एक जोडणी ठरवा ना." ते म्हणायचे, "मृदंग कधी ठरतो का रे?" ते तेव्हा सुखात होते. हे मला आता दिसतं, तेव्हा नुसता गोंधळ दिसत होता.

रामनवमी जवळ आली. दासरू पेटी ऐकून गेले, खूश झाले, म्हणाले, "मांडवात वाजवू या." त्या दिवशी अण्णांनी स्वतः दाढी केली, एका हाताने, दोन ठिकाणी कापून घेतलं.

आता माझं ऐका. मला भीती वाटली. हजार माणसांच्या मांडवात अण्णांनी चुकीची वायर खोचली आणि पेटी ओरडली तर? आमच्या कारखान्यात एक नियम होता आणि तो मला पाठ होता. कुठलंही यंत्र असं करायचं की कोणत्याही पाळीतला कोणताही माणूस बसला तरी तेच काम व्हावं. वहिनी अण्णांना घेऊन वैद्याकडे गेल्या होत्या त्या रविवारी मी पेटी उघडली. त्यांची सगळ्यात चांगली जोडणी मी टिपून ठेवली होती, ती आतून सोल्डर करून टाकली. भोकं पत्र्याने बुजवली. खुंट्या जागेवर घट्ट केल्या. प्रत्येक चावीखाली पांढऱ्या रंगाने सुबक कन्नड अक्षरांत लिहिलं, तोम, नम, दिं. वर दासरूंच्या नेहमीच्या चार तालांसाठी कोणती चावी कधी, तेही लिहिलं. अण्णांना तालाचे ठोके लिहून देणारा मी! पण त्या वेळी ऊर भरून आला होता, काम छान झालं होतं.

अण्णा आले. फळीवरून अंगठा फिरवला. जिथे भोकं होती तिथे तो थोडा थांबला.

"आता बिघडायचं नाही," मी म्हणालो.

"सरी," ते म्हणाले, म्हणजे ठीक. मला वाटलं, त्यांना आवडलं.

मांडवात पेटी एकदाही ओरडली नाही. लोक माना डोलवत होते, काही जण उठून पेटीत डोकावून गेले. अण्णांनी सुरेख वाजवलं. पण लाळ गळत होती आणि वहिनी मागे बसून पदराने दर थोड्या वेळाने त्यांचं तोंड पुसत होत्या. पहिल्या रांगेतल्या बायका कथेऐवजी तेच बघत होत्या. दासरूंनी दोनदा मान वळवून पाहिलं. कथा संपल्यावर पानक आणि कोसंबरीचा प्रसाद वाटताना सगळे माझ्याशी पेटीबद्दल बोलत होते आणि मी समजावून सांगत होतो.

पुढच्या आठवड्यात दासरूंच्या मागे झांज धरणारा गृहस्थ दुपारी घोड्याचा जटका घेऊन दारात आला. सज्जन माणूस, अण्णांच्या पाया पडला. म्हणाला, "दासरूंनी पेटी मागितली आहे. मल्लेश्वरमला तीन दिवस कथा आहे."

वहिनींनी विचारलं, "यांना किती वाजता तयार ठेवू?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "दासरू म्हणाले, अण्णांना कशाला त्रास? इतका वेळ बसायचं, जिने चढायचे. झांज सोडून मीच वाजवीन म्हणतो, जमेल तसं."

मग अण्णा सरकत पेटीपाशी गेले. "हे बघ," ते म्हणाले, शब्द अडखळत होते, "तोम दाबताना चावी धरून ठेवायची नाही. आणि नमच्या आधी स्वल्प..."

"बेडा, नको अण्णा, तुम्ही दमू नका," तो प्रेमाने म्हणाला. "सगळं वर लिहिलंय की."

पेटी माझी होती. मी तिथेच उभा होतो. अण्णांशिवाय ती घराबाहेर जाणार नाही, एवढंच मी म्हणायला हवं होतं, मग दासरूंना अण्णांना बोलावणं भाग पडलं असतं. मी ते म्हटलं नाही. लाज वाटते, पण खरं तेच सांगतो. एखादं वाद्य झांजवाल्यालाही वाजवता यावं इतकं सोपं मी केलं, याचा मला त्या क्षणी थोडा अभिमान वाटला होता. मीच एका बाजूने पेटी उचलली आणि जटक्यात ठेवू लागलो.

ती परत आली नाही. दासरूंकडेच राहिली. मी अण्णांना म्हणालो, दुसरी करतो, वायरींची, हवी तेवढी भोकं ठेवतो. ते म्हणाले, "नको तम्मा. कुणासाठी?" मी पुन्हा विचारलं नाही. वहिनींनी रवा भिजवणं बंद केलं.

पुढच्या रामनवमीला मांडव आमच्याच मागच्या गल्लीत पडला. संध्याकाळी कर्ण्यांतून दासरूंचा आवाज घरात येऊ लागला, आणि त्यामागे पेटी. वहिनी खिडकी लावायला उठल्या, अण्णांनी हाताने थांबवलं. ते भिंतीला टेकून बसले होते. मी कान देऊन ऐकत होतो. झांजवाला कुठेतरी चुकेल, ठोका सुटेल, तोम पोकळ येईल, मग दासरूंना कळेल, मग कुणीतरी धावत बोलवायला येईल. तास झाला. कुठेही खोट नव्हती.

"बरा वाजवतोय," अण्णा म्हणाले.

खरंच बरा वाजवत होता. त्या पेटीवर कुणीही बसला असता तरी त्याने इतकंच बरं वाजवलं असतं.