माइक बंद पडल्यावर

पेणच्या कला महोत्सवात त्या संध्याकाळी खाडीकाठच्या गावातली एक धवलारीण लग्नातली गाणी म्हणायला आली होती. पहिलंच गाणं सुरू झालं आणि वीज गेली. लोक उठू लागले.

संयोजक म्हणाला, "आजी, माइक बंद पडलाय. थांबूया."

"लगनघरात कुठं माइक असतो रं?" असं म्हणून ती मंचावरून उतरली आणि आम्हा बायकांत सतरंजीवर मांडी घालून गाऊ लागली. त्या खणखणीत आवाजाने उठलेली माणसं मागे फिरली. शेजारणीबरोबर मीही तिची ओळ झेलू लागले. आवाजावर इतका भरवसा मी क्वचितच पाहिला होता.

थोड्या वेळाने दिवे आले. संयोजकाने तिला पुन्हा वर बोलावलं. तिने गाता गाताच मान हलवली. गाण्यातली नवरी सासरी पोचेपर्यंत ती आमच्यातून उठली नाही.